धावत्या घोड्यांचे निवेदक

दिल्लीच्या कनॉट प्लेसपासून निघून इंडिया गेटच्या षट्कोनी चौकास मिळणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. २०१३ साली या मार्गावर नवे महाराष्ट्र सदन उभे राहिले आणि कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी माणसांच्या पायांना या रस्त्याची सवय झाली. जुने सदन जवळच्याच कोपर्निकस मार्गावर आहे आणि दूरदर्शन भवनही त्याच मार्गावर. या परिसरात चित्र आणि शब्द यांचा व्यापार नित्य चालतो, आणि वर्षातून एकदा त्यात घोड्यांचीही भर पडते. २६ जानेवारीस कस्तुरबा गांधी मार्गाच्या टोकापलीकडे, कर्तव्य पथावर, ६१ व्या कॅव्हलरीचे स्वार संचलनात दिसतात. हे घोडदळ १९५३ साली जुन्या संस्थानी घोडदळांतून उभारण्यात आले. त्यांत ग्वाल्हेर लान्सर्स, म्हणजे शिंद्यांच्या फौजेचा वारसा सांगणारे पथकही होते.

त्या दिवशी ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्याचे काम सोपे असते असे कोणी म्हणणार नाही. मेल्व्हिल डी मेलो आणि जसदेव सिंग यांच्यासारख्या निवेदकांनी अशा राष्ट्रीय समारंभांच्या वर्णनाला जो भारदस्तपणा आणून दिला, तो आजही जुन्या श्रोत्यांच्या कानांत आहे. तथापि संचलनात घोडे कोणत्या क्रमाने येणार हे निवेदकाच्या कागदावर आदल्या दिवशीच लिहिलेले असते. शर्यतीच्या मैदानावर मात्र घोडे कोणत्या क्रमाने येतील हे कोणासच ठाऊक नसते, आणि ते ठाऊक नसते म्हणूनच लोक तेथे जमतात. दिल्लीत तसे मैदानही या मार्गापासून फार दूर नव्हते. त्याच्या कडेच्या रस्त्याला रेस कोर्स रोड असेच नाव होते, आणि देशाच्या पंतप्रधानांचा पत्ता कित्येक वर्षे तोच होता. २०१६ साली त्याचा लोक कल्याण मार्ग झाला. कर्झनसाहेबांच्या पाठोपाठ घोड्यांचेही नाव दिल्लीच्या नकाशावरून उतरले, इतकेच.

दूरचित्रवाणीवर घोड्यांची शर्यत सांगणारा माणूस कसा असावा, हा प्रश्न वरवर पाहता शौकिनांच्या गप्पांचा वाटतो. इतिहासात थोडे मागे गेले म्हणजे त्यात बरेच काही गुंतलेले आहे असे दिसून येते.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे. महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन डर्बी २४०० मीटरांची धावली जाते, आणि तिला अडीच मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या अवधीत पंधरा-वीस घोडे एका घोळक्यात, ताशी साठ किलोमीटरच्या आगेमागे वेगाने पळत असतात. समोरचे सरळ अंतर येईपर्यंत ते प्रेक्षकांपासून बरेच दूर असतात. घोड्याच्या पाठीवरील कापडावर क्रमांक असतो खरा, पण घोळक्यात तो दिसत नाही. निवेदकाला आधार असतो तो जॉकीच्या रेशमी अंगरख्याचा आणि टोपीचा. हे रंग घोड्याच्या मालकाचे असतात आणि त्यांची नोंद झालेली असते. शर्यतीपूर्वी घोडे फिरवून दाखवितात, तेवढ्या वेळात निवेदकाने सर्व रंग आणि नावे यांची सांगड मनात पक्की घालावयाची असते. शर्यत संपली की ती सारी सांगड पुसून टाकावयाची, कारण अर्ध्या तासाने दुसरे घोडे, दुसरे रंग. एका दुपारी हे सात-आठ वेळा करावे लागते. परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही इतके क्रूर वेळापत्रक कोणी देत नाही.

या कलेचा जन्म नभोवाणीवर झाला, आणि तो मोठ्या गमतीने झाला. इंग्लंडमध्ये १९२६ साली एप्सम येथील डर्बीचा आवाज ऐकविण्याचा प्रयत्न बी. बी. सी. ने केला. वर्णन करण्याची मुभा तेव्हा नव्हती. वृत्तपत्रांचा त्यास विरोध होता. म्हणून केवळ मैदानावरील ध्वनी ऐकवावयाचा असे ठरले. त्या दिवशी पाऊस लागला. चिखलात टापांचा आवाज उठेना, आणि देशभर कान लावून बसलेल्या श्रोत्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. घोड्यांच्या शर्यतीत नुसता आवाज म्हणजे काहीच नव्हे, तेथे माणसाचा शब्द हवा, हे त्या ओल्या दुपारी सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, २५ मार्च १९२७ रोजी, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथील ग्रँड नॅशनल शर्यतीचे धावते वर्णन झाले. ते मेरिक गुड यांनी केले. गुड हे क्रीडापत्रातील शर्यतींचे बातमीदार होते. पहिल्याच वेळी मधुर आवाजाचा नट न निवडता घोडे ओळखणारा माणूस निवडला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे अनेक ठिकाणी तिचा विसर पडला.

दूरचित्रवाणीही याच मैदानांवर लवकर पोचली. जॉन लोगी बेअर्ड यांनी ३ जून १९३१ रोजी एप्समच्या डर्बीचे चित्र प्रक्षेपित केले. तीस रेषांच्या त्या अंधूक चित्रात कॅमेरोनियन हा विजयी घोडा कितीजणांना ओळखता आला असता हा प्रश्नच आहे. चित्र स्वच्छ होण्यास पुढे बरीच वर्षे लागली, आणि ते स्वच्छ झाल्यावर निवेदकाची गरजच उरणार नाही असे वाटावे, हे साहजिक होते. डोळ्यांना जे दिसते ते पुन्हा कानांना कशास सांगावयाचे? ते वरातीमागून घोडे दामटण्यासारखे नव्हे काय?

या शंकेचे उत्तर दोन शर्यतींनी दिले. पहिली अमेरिकेतील. १९४७ च्या प्रीकनेस शर्यतीचे नभोवाणीवरील वर्णन क्लेम मॅकार्थी करीत होते. अमेरिकेत त्यांच्या तोडीचा शर्यतीचा निवेदक त्या काळी नव्हता असे मानीत. दूरच्या वळणावर मध्ये उभ्या असलेल्या गर्दीने त्यांची दृष्टी काही क्षण अडविली. घोडे पुन्हा दिसले तेव्हा पुढे असलेला घोडा त्यांनी जेट पायलट समजला, आणि शेवटपर्यंत त्याच नावाचा उद्घोष केला. जिंकला होता फॉल्टलेस. मॅकार्थी यांनी प्रक्षेपणातच चूक कबूल केली आणि ती दुरुस्त केली. कित्येक वर्षांचा लौकिक असलेल्या माणसाची ही गत केवळ काही क्षणांच्या अडथळ्याने झाली, यावरून हे काम किती नाजूक आहे याची कल्पना येईल. त्यांचे मोठेपण असे की त्यांनी घोड्यावर, गर्दीवर वा रंगांच्या सारखेपणावर खापर फोडले नाही.

दुसरी शर्यत १९६७ ची ग्रँड नॅशनल. एव्हाना ही शर्यत दूरचित्रवाणीवर येऊ लागून काही वर्षे झाली होती. १९६० साली ती प्रथम पडद्यावर दिसली. त्या वर्षी चव्वेचाळीस घोडे धावले. तेविसावा अडथळा हा मैदानावरील अगदी लहान अडथळ्यांपैकी एक. तेथे स्वार गमावलेला एक मोकळा घोडा आडवा धावला आणि पुढचे सारे घोडे एकमेकांवर आदळले. काही पडले, काहींनी उडी नाकारली, काही उलटे फिरले. धूळ, पाय, टोप्या आणि सैरावैरा माणसे यांचा असा काला झाला की पडद्याकडे पाहणाऱ्या लक्षावधी लोकांना काहीही उमजेना. चित्र होते, आणि तरीही काही दिसत नव्हते. त्या टप्प्याचे वर्णन मायकेल ओ'हेहिर हे आयरिश निवेदक करीत होते. बराच मागे राहिल्यामुळेच या गोंधळातून सुटलेला एक घोडा फटीतून निघाला आणि एकटा पुढे गेला. ओ'हेहिर यांनी त्याचे नाव तत्क्षणी उच्चारले: फॉइनाव्हन. ज्याच्यावर एकास शंभर असा भाव होता, ज्याची कोणीही दखल घेतली नव्हती, तो घोडा. तोच शेवटी जिंकला, आणि तो अडथळा आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.

हे नाव त्यांच्या ओठांवर कसे आले याचा वृत्तान्त त्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे. शर्यतीपूर्वी जॉकींची वजने घेतात त्या दालनात ओ'हेहिर जाऊन बसले होते आणि अंगरख्यांचे रंग तपासून पाहात होते. एका जॉकीचे रंग त्यांच्या कागदाशी जुळेनात. त्यांनी त्याच्याजवळ जाऊन विचारणा केली. तो जॉन बकिंगहॅम. मालकाचा नेहमीचा हिरवा रंग अशुभ समजून ऐनवेळी काळा अंगरखा घेतला होता. ही विचारपूस झाली नसती तर त्या धुळीतून निघालेला स्वार कोण हे त्यांना सांगता आले नसते, आणि इतिहासातील एक विलक्षण क्षण मुका राहिला असता. चव्वेचाळीस घोड्यांपैकी ज्यास कोणी मोजत नव्हते, त्याचेही रंग पाहून ठेवण्याचा कंटाळा त्यांनी केला नाही. निवेदकाचा सारा कस अशा कंटाळवाण्या तयारीतच लागतो. आवाजाचा चढउतार, उपमा, विनोद हे सर्व त्यानंतरचे.

इंग्लंडमधील पीटर ओ'सुलेव्हन यांचे उदाहरण याहून निराळे आहे. त्यांनी १९९७ साली निवृत्त होईपर्यंत ग्रँड नॅशनलचे पन्नास वेळा वर्णन केले. घोड्यांचे रंग ते स्वतः कागदावर रंगवून घेत. १९७४ साली चेल्टनहॅम येथे ट्रायंफ हर्डल ही शर्यत अॅटिव्हो नावाच्या घोड्याने जिंकली. वर्णन ओ'सुलेव्हन करीत होते, आणि घोडा त्यांच्याच मालकीचा होता. ऐकणाऱ्याला याचा पत्ता लागू नये इतका त्यांचा स्वर सम होता. लोकांचा पैसा ज्या खेळावर लागलेला असतो, तेथे निवेदकाचा स्वर कोणत्याही घोड्याकडे झुकता कामा नये, हा दंडक त्यांनी स्वतःच्या घोड्यासही लागू केला.

पुढील काळात दूरचित्रवाणीने शर्यतीभोवती मोठा संसार मांडला. दोन मिनिटांच्या धावेसाठी दोन तासांचा कार्यक्रम, आणि त्यात बोलणारे पाच-सहाजण. येथेच निवेदकांच्या दर्जाविषयीचा वाद उत्पन्न झाला. इंग्लंडमध्ये जॉन मॅक्रिरिक हे गृहस्थ चित्रविचित्र टोप्या घालून, हातवारे करून पैजेचे भाव सांगत आणि ते घरोघर ओळखले जात. २०१२ मध्ये त्यांना काढण्यात आले. वयामुळे अन्याय झाला अशी तक्रार त्यांनी गुदरली, आणि २०१३ मध्ये ते हरले. त्यांच्या उलट टोकाला क्लेअर बाल्डिंग. त्या स्वतः हौशी स्वार म्हणून शर्यती धावलेल्या आणि १९९० साली स्त्री-स्वारांमध्ये अव्वल ठरलेल्या. घोडा थकला की त्याची मान कशी हलते हे ज्याने पाठीवर बसून अनुभवले आहे, त्याच्या साध्या वाक्यालाही वजन येते. मॅक्रिरिक यांची गंमत नाकारण्याचे कारण नाही. मैदानावर थोडा तमाशा असावाच. पण दोन तास केवळ भावच ऐकावे लागले तर घोडा हा प्राणी आहे याचाच विसर पडतो.

भारतात या इतिहासाचा धागा मुंबईत सापडतो. महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासूनचे. तेथे १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली आणि बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी जिंकली. पावसाळा लागला म्हणजे शर्यतींचा हा सारा लवाजमा पुण्यास जातो. त्याच मुंबईत १९३४ साली चौरंगी क्रिकेट सामन्यांचे नभोवाणीवरील वर्णन बॉबी तल्यारखान यांनी केले. ते एकटे दिवसभर बोलत. ध्वनिक्षेपक दुसऱ्याशी वाटून घेणे त्यांना मान्य नव्हते आणि पुढे याच आग्रहापायी त्यांनी आकाशवाणीचे निवेदन सोडले. धावत्या वर्णनाची चटक मुंबईकरांना लागली ती क्रिकेटमुळे. घोड्यांच्या शर्यतीचे वर्णन मुख्यतः मैदानाच्या कर्ण्यापुरते राहिले, आणि ते इंग्रजीत. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत चित्र आले. त्या स्पर्धांत घोडेस्वारीत भारतास ३ सुवर्णपदके मिळाली. घोड्यांच्या शर्यतीचे बोलणे मात्र आहे तेथेच राहिले.

याचे एक कारण उघड आहे. शर्यत म्हणजे जुगार, अशी मराठी मध्यमवर्गाची समजूत, आणि ती अगदीच निराधार नाही. मुंबईतील कित्येक संसार या मैदानाने धुऊन नेले. परंतु १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या प्रकरणात जो निर्णय दिला तो या संदर्भात वाचण्यासारखा आहे. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, केवळ दैवाचा नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. घोड्याची पैदास, त्याचे शिक्षण, स्वाराचे कसब या गोष्टींचे ज्ञान त्यात कामी येते हा त्या निर्णयाचा आधार. आता असे पाहा: ज्या ज्ञानाच्या आधारावर हा खेळ कायद्यासमोर उभा राहिला, ते ज्ञान लोकांपर्यंत पोचविण्याचे काम मुख्यतः निवेदकाचे. त्याने घोड्याचा बाप कोण, ओल्या जमिनीवर तो कसा पळतो, मागच्या वेळी कोठे कमी पडला हे सांगितले, तर ऐकणारा विचार करू लागतो. त्याने केवळ भाव आणि आकडे ओरडून सांगितले, तर न्यायालयाने काहीही म्हटले तरी श्रोत्याच्या दृष्टीने तो जुगारच उरतो. अशा निवेदकास सुमार म्हणणे पुरेसे नाही. तो ज्या खेळाचे मीठ खातो त्याच्याच मुळावर येतो.

दुसरी खंत भाषेची. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही पश्चिम भारतातील नामांकित जॉकींची नावे. तबेल्यात पहाटे घोड्याला खरारा करणाऱ्या आणि तोबरा चढविणाऱ्या मोतद्दारांतही मराठी बोलणारे पुष्कळ. आणि घोड्याविषयी मराठीत शब्द कमी आहेत असे तर कोणी म्हणूच नये. अबलख, कुमेत, पंचकल्याणी हे रंग. दुडकी, रपेट, चौखूर, भरधाव या चाली. भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू तर शतकानुशतके प्रसिद्ध. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि जो सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, हा भेद मराठ्यांच्या पागेने केला. त्या हिशेबाने आजचा जॉकी हा बारगीर होय, आणि हा एक शब्द वापरला असता तर मालक, घोडा आणि स्वार यांचे नाते मराठी श्रोत्याला क्षणात कळले असते.

क्रिकेटच्या बाबतीत हे घडले. महाराष्ट्राकडून खेळलेले बाळ ज. पंडित ध्वनिक्षेपकापुढे बसले आणि मराठीत क्रिकेट सांगता येते हे त्यांनी दाखवून दिले. षटक, यष्टिरक्षक, त्रिफळा हे शब्द खेड्यापाड्यांतील मुलांच्या तोंडी बसले ते अशा वर्णनांमुळेच. क्रिकेट हा साहेबांचा खेळ म्हणून मराठीने त्याला दार लावून घेतले नाही. घोडा तर आपल्याच पागेतला. त्याला मात्र बाळ पंडित मिळाला नाही.

तरीही मराठीत शर्यत सांगण्याची कला अस्तित्वातच नाही असे समजणे चुकीचे ठरेल. ती पाहावयाची तर महालक्ष्मीस न जाता जुन्नर, आंबेगाव, खेड या बाजूच्या यात्रांना गेले पाहिजे. तेथे बैलगाड्यांचा घाट असतो. चढावर गाडा सुटतो आणि त्याच्यापुढे स्वारासह घोडी धावते. बारी काही सेकंदांत संपते. घाटावरचा निवेदक कर्णा हाती घेऊन गाड्याच्या मालकाचे नाव, गाव, बैलांची नावे आणि त्यांचे मागील पराक्रम एका दमात सांगतो, गाडा सुटताच आवाज चढवितो आणि किती सेकंद लागले ते पुकारतो. त्याच्यापुढे लिहिलेला कागद क्वचितच असतो. कोणता बैल कोणत्या बाजारातून आला, गेल्या यात्रेत का बिचकला, हे त्याला पाठ असते, कारण तो स्वतः त्याच लोकांतला. चुकीचे नाव घेतले तर घाटावरचे हजारो लोक तेथल्या तेथे हिशेब चुकता करतील, हेही त्याला ठाऊक असते. २०१४ साली या शर्यतींवर बंदी आली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधली सात वर्षे घाट ओस होते. पण परवानगी मिळून यात्रा पुन्हा भरू लागल्या, तेव्हा बैलांबरोबर कर्णा घेतलेले निवेदकही घाटावर हजर झाले, आणि गाड्यापुढे धावणाऱ्या घोडीचे नाव लोकांना पुन्हा मराठीत ऐकू येऊ लागले.